उंबराचं फूल दाखवताना

अमरावतीच्या छत्री तलावाच्या काठाने हिवाळ्यातल्या सकाळी मुलांची रांग निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, वाघ दिसन काय?" दुसरा त्याहून घाईचा. "बिबट तरी?" वडाळी आणि पोहऱ्याचं जंगल शहराला इतकं खेटून आहे की बिबट्याच्या बातम्या मुलांनी घरीच ऐकलेल्या असतात, त्यामुळे प्रश्न अगदीच हवेतला नसतो. फेरी नेणारा नवखा असेल तर इथेच अडतो. वाघ नाही म्हणावं तर पोरांचे चेहरे पडतात, हो म्हणावं तर ते खोटं ठरतं.

जाणता माणूस या प्रश्नाला तोंडी उत्तर देत नाही. तो वाटेच्या कडेला, कुठल्यातरी झाडाच्या आडोशाच्या भुसभुशीत मातीत उकिडवा बसतो. तिथे बोटभर रुंदीचे उलट्या शंकूसारखे खड्डे असतात. एखादी मुंगी कडेवर आली की माती तिच्या पायाखालून सरकते, ती धडपडत वर चढू लागते आणि खालून कुणीतरी तिच्यावर मातीचा मारा करतं. मुंगी तळाशी घसरते. मातीतून चिमट्यासारखे दोन जबडे वर येतात आणि मुंगी दिसेनाशी होते. "अबे, पाय ना, काय हाय ते!" रांग मोडते, वीस डोकी एका खड्ड्यावर झुकतात आणि वाघाचा विषय निदान तासभर मागे पडतो.

शिकारी म्हणजे मुंगीसिंह नावाच्या कीटकाची अळी. मोठी झाल्यावर ती चतुरासारखी पंख लावून उडून जाते. अळी असेपर्यंत तिच्या पोटातून विष्ठा बाहेरच पडत नाही, सगळा साठा आतच राहतो, ही माहिती दहा वर्षांच्या मुलाला दिली की तो ती आयुष्यभर विसरत नाही. वऱ्हाडात पाऊस सरल्यावर अशी कोरडी, बारीक माती जागोजागी सापडते. या शिकारीसाठी ना जिप्सी लागते, ना तिकीट.

पुढचा मुक्काम उंबरापाशी. अमरावतीत तो टाळून चालणारच नाही. या शहराचं जुनं नाव उदुंबरावती, त्याचं प्राकृतात उंबरावती झालं आणि त्यावरून अमरावती, असं सांगितलं जातं. म्हणजे गावाच्या नावातच हे झाड आहे. शिवाय मराठी माणसाच्या तोंडी 'उंबराचं फूल' आहेच. फार दिवसांनी भेटलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, तुम्ही म्हणजे उंबराचं फूल झालात. मुलांनी हे आजीकडून ऐकलेलं असतं. उंबराला फूल येतच नाही, अशी बहुतेकांची समजूत असते.

मग एक कच्चं, हिरवं फळ मधोमध चिरायचं. आतल्या भिंतीला शेकडो बारीक केसर चिकटलेले दिसतात. तीच उंबराची फुलं. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांनी आतून मढवलेली बंद कोठी आहे. तिच्या टोकाला अगदी बारीक तोंड असतं. त्यातून दोन-एक मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली मादी आत शिरते. शिरताना बहुधा पंख गमावते, सोबत आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पिल्लांतले नर बिनपंखी. ते आतच जन्मतात, माद्यांशी मीलन करतात, बाहेर जाण्याची वाट कोरतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. हा कीटक नसेल तर उंबराला बी धरणार नाही, उंबर नसेल तर हा कीटक जगणार नाही. पिकलेलं फळ फोडलं की उडणारे ते काळे ठिपके पाहून मुलं आधी "शी" म्हणतात, आणि मग भिंग मागतात.

भिंगातून पाहणाऱ्या मुलाचा चेहरा फेरी नेणाऱ्याने जरूर बघावा. आजीच्या बोलण्यात जी गोष्ट कधीच दिसत नाही, ती त्याला दिसलेली असते.

वऱ्हाडात मुलांना निसर्गात नेण्याची खरी वाट इथूनच जाते. आपल्या भाषेत रान आधीच भरलेलं आहे, मुलांना फक्त त्याचा पडताळा द्यायचा आहे. 'पळसाला पानं तीनच' ही म्हण पाचवीतल्या मुलाला पाठ असते. पोळ्याला दारात लावलेली पळसाची डहाळीही त्याने पाहिलेली असते. पण खरंच पानं मोजली आहेत का, असं विचारलं तर हात वर होत नाहीत. मोजायला लावलं की तीन भरतात. मग देठाच्या बुडाशी कळी कुठे आहे ते शोधायला सांगायचं. ती एकच असते. म्हणजे ही तीन पानं नाहीत, एका पानाच्या तीन पर्णिका आहेत. म्हण मोडली का? मुलं यावर पाच-दहा मिनिटं हमरीतुमरीवर येऊन भांडतात. असं भांडण होऊ द्यावं. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हीसुद्धा कुंपणाशीच पडताळून पाहता येते. विणीच्या दिवसांत लालभडक गळ्याचा नर सरडा कुंपणाच्या खांबावर बसून जोर काढल्यासारखा वरखाली होतो, कारण तेवढी हद्द त्याची असते. म्हण करणाऱ्याने सरडा नीट पाहिला होता, हे मुलांच्या ध्यानात येतं.

दसऱ्याच्या आसपास फेरी असेल तर आपटा आणि कांचन शेजारी ठेवून दाखवायलाच हवेत. दोघांची पानं मधोमध दुभंगलेली, पण आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं. बाजारात सोनं म्हणून अनेकदा कांचनाच्या फांद्याच ढिगाने येतात. हा फरक एकदा कळलेलं मूल पुढच्या दसऱ्याला घरच्यांना अडवतं. त्याच दिवसांत तारेवर बसलेला नीलकंठ दिसतो. दसऱ्याला त्याचं दर्शन घेण्याची रीत विदर्भात जुनी आहे. बसलेला असताना मातकट वाटणारा हा पक्षी उडाला की पंखांतली निळाई एकदम उघडते. मुलांना तो बसलेला दाखवावा, काही बोलू नये आणि उडण्याची वाट पाहावी.

न बोलणं ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. पक्षी दिसताच नाव सांगून टाकण्याचा मोह मोठ्यांना आवरत नाही. नाव कळलं की मूल वहीत लिहितं आणि बघणं थांबवतं. त्याऐवजी विचारावं: चोच कशी आहे? शेपूट हलते का? एकटा आहे की घोळक्यात? तूच त्याला नाव दे. मुलं नावं ठेवतात, आणि ती बहुधा नेमकी असतात. सतत कलकल करत जमिनीवर पालापाचोळा उलटणाऱ्या मातकट पक्ष्यांना कुणी 'भांडखोर मंडळी' म्हणतं. मग लोकांनी त्यांना सातभाई म्हटलंय, हे सांगितलं की मुलांना आपली आणि जुन्या लोकांची नजर एकच असल्याचा आनंद होतो. अमेरिकेत रेचेल कार्सन आपल्या लहानग्या नातवाला, भाचीच्या मुलाला, मेनच्या समुद्रकाठावर रात्री-अपरात्री, पावसातही घेऊन जात. त्या स्वतः सागरी जीवशास्त्रज्ञ, पण त्याला काही शिकवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, नुसतं सोबत पाहिलं. १९५६ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला, तो पुढे 'द सेन्स ऑफ वंडर' या पुस्तकाच्या रूपाने आला.

नाव मात्र शेवटी द्यावंच, आणि ते मराठीत द्यावं. मारुती चितमपल्ली यांनी हे काम जन्मभर केलं. जन्म सोलापूरचा, नोकरी वनखात्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे ते उपसंचालक होते. पक्षी, प्राणी, वृक्ष यांचे कोश त्यांनी रचले. कावळ्यांच्या वसतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. 'चकवाचांदण' या आत्मचरित्रात त्यांनी आपले रानातले पहिले गुरू सांगितले आहेत, ते म्हणजे आई आणि लिंबामामा. म्हणजे हा कोशकारही आधी कुणाच्या तरी मागे चालत गेलेलं मूलच होता. १८ जून २०२५ रोजी ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती.

नावांचा आणखी एक साठा मेळघाटात आहे. तिथल्या कोरकू मुलाला वाघासाठी 'कुला' हा शब्द पाळण्यापासून ठाऊक असतो, आणि मोठी माणसं त्याला 'कुलामामा' म्हणतात, हेही. सातपुड्यातल्या शाळेत फेरी घ्यायला अमरावतीहून गेलेल्या माणसाने पुढे चालू नये, मागे चालावं. कोणत्या झाडाची साल कशाला लागते, मोह कधी वेचायचा, टेंभरं कधी गोड होतात, हे तिथली मुलं सांगतात. फेरी नेणाऱ्याने फक्त विचारत राहायचं आणि वर्गात गप्प बसणाऱ्या पोराला बोलताना इतरांना ऐकू द्यायचं.

मुलांच्या मागे चालण्याच्या या विचाराचं एक मूळ महाराष्ट्रात आहे आणि त्याचा एक धागा अमरावतीतूनच जातो. ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीला राहत होत्या. इथून त्या राजकोटला आणि मग भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांकडे गेल्या. १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. दगड, पानं, बिया, गुरांच्या वाटा, हेच तिथलं साहित्य. आज निसर्गशिक्षणाच्या कार्यशाळांत परदेशी पुस्तकांतले खेळ शिकवले जातात. त्यातले काही उत्तमच आहेत. पण गुराख्याच्या पोराला मागे ओढण्याऐवजी त्याच्याकडे चालत जाणारी ही शाळा ताराबाईंनी आपल्याच मातीत करून दाखवली होती, हे शिक्षकांना ठाऊक असायला हवं.

आता थोडं कामाचं. एका माणसामागे पंधरा मुलं, फार तर वीस. त्याहून जास्त असतील तर दुसरा माणूस हवा, आणि सगळ्यात मागे चालणारा एक मोठा माणूस तर हवाच. जंगलाला लागून असलेल्या भागात सूर्य उगवल्यावरच निघावं, कुणालाही एकट्याने मागे राहू देऊ नये. वनक्षेत्रात पाऊल ठेवायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढावी. अंतर कमी ठेवावं. दोन तासांत एक किलोमीटर झाला तरी भरपूर झाला. जिथे मुलं थांबतील तिथे थांबावं, आखलेल्या जागा सुटल्या तरी चालतात.

वऱ्हाडाचा स्वतःचा असा काच आहे, तोही सांभाळावा लागतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा आठनंतर मुलांना बाहेर ठेवणं धोक्याचं. होळीपासून पुढे फेरी सूर्य उगवल्यापासून सकाळी आठपर्यंत एवढीच, आणि प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली. पावसाळ्यानंतर गवताची कुसळं मोज्यांत घुसतात. म्हणून पूर्ण विजार, बंद बूट. हिवाळ्यात खाजकुयरीच्या शेंगा वाळतात. मखमली, सोनेरी, हात लावावासा वाटणाऱ्या. लावला की अर्धा दिवस रडणं. ती वेल मुलांना सुरुवातीलाच लांबून दाखवावी. नरनाळ्यासारख्या किल्ल्यावर किंवा चिखलदऱ्याच्या कड्यांजवळ आग्या मोहोळ असतं, तिथे अत्तर, आरडाओरडा, धूर काही नको. दगडाखाली हात घालायचा नाही, कारण घोणस आणि फुरसं या मुलखात आहेत. हे सगळं भीती घालून सांगितलं तर मुलं पुन्हा येत नाहीत. नियम म्हणून सांगितलं तर एकमेकांना तेच बजावतात.

शाळांनी काढलेल्या सहलींचा अनुभव मात्र अनेकांना कडू आहे. दोनशे मुलं, चार बस, कर्णे, वेफर्सची पाकिटं, आणि वाघ दिसला नाही म्हणून परतीच्या वाटेवर रुसलेली बस. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण शिक्षण शाळांत सक्तीचं करायला सांगितलं. आपल्याकडे त्याआधीही परिसर अभ्यास होता आणि आजही तिसरी-चौथीला त्याचं पुस्तक आहे. पण तो परिसर बहुतेक वेळा पुस्तकाच्या चित्रातच राहतो. शाळेच्या मागच्या नाल्यापर्यंत वर्ग नेण्याचं धाडस करणारे शिक्षक आहेत, पण ते स्वतःच्या हिमतीवर करतात. सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या जबाबदारीवर. त्यांना मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, एक प्रथमोपचाराची पेटी आणि दोन दुर्बिणी मिळाल्या तरी पुरे आहे. ही मागणी मोठी नाही.

मेळघाट या प्रांताचा अभिमान आहे, यात शंका नाही. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत तो होता. आज गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र २,७०० चौरस किलोमीटरहून जास्त आहे. सेमाडोहला निसर्ग परिचय केंद्र आहे आणि तिथून सिपना नदीचं पात्र दिसतं. मुलांना तिथे जरूर न्यावं. पण वाघाच्या शोधात भरधाव गाडीतून नव्हे. या जंगलात त्याहून चांगली गोष्ट आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड, १८७३ साली शास्त्राला माहीत झालं, १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला दिसलंच नाही. संपलं म्हणून सोडून दिलेलं ते घुबड २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भर सकाळी झाडावर बसलेलं सापडलं. नंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. हे घुबड दिवसाही हिंडतं. "म्हणजे इतकी वर्षं ते तिथंच होतं, कुणी पाह्यलंच नाही?" असं एखादं मूल विचारतं. हो, तिथेच होतं.

पाहणाऱ्या मुलाच्या प्रश्नाला दार उघडणारा माणूस भेटला तर काय होतं, याची गोष्ट पक्षितज्ज्ञ सलीम अलींची. दहा-बारा वर्षांचं पोर, छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती चिमणी, म्हणून मामाने चिठ्ठी देऊन त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी मुलाला हाकललं नाही. पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. पीतकंठी चिमणी वऱ्हाडाच्या कोरड्या रानातही सापडते. फेरीत ती दिसली की ही गोष्ट सांगावी. मुलं बंदुकीबद्दल विचारतात, तेव्हा तो काळ वेगळा होता, असं सरळ सांगावं. आज त्याच संस्थेची धुरा अमरावतीचे किशोर रिठे यांच्याकडे आली आहे. त्यांनी उभी केलेली सातपुडा फाउंडेशन मध्य भारतातल्या जंगलांलगतच्या गावांतल्या मुलांबरोबर काम करते. अकोल्यात निसर्गकट्टा ही संस्था विद्यार्थ्यांना सोबत घेऊन काम करते.

अकोल्याच्या मुलांना लांब जायची गरजच नाही. शहराजवळच्या कापशीच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणी बदकं उतरतात, कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, बार्शीटाकळीकडे काटेपूर्णा अभयारण्य आहे, तिथे चौशिंगा आहे. मोर्णा नदी मात्र दाखवताना मन खट्टू होतं. तरीही तीच दाखवावी. जलपर्णी का वाढली, सांडपाणी कुठून येतं, अशा पाण्यात कोणते पक्षी टिकतात आणि कोणते निघून जातात, हे मुलं काठावर उभी राहून विचारतात आणि उत्तरं मिळेपर्यंत सोडत नाहीत. नदीचं पाणी खराब झालं आहे हे पुस्तकातून कळलेलं मूल आणि नाक दाबून तिच्या काठाने अर्धा तास चाललेलं मूल, यांत फार अंतर आहे.

या साऱ्यात एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. फेरी एकदाच काढू नये. तीच वाट, तेच झाड, वर्षभर. मृग लागला, पहिली सर पडली की मातीतून लाल मखमलीचा मृगाचा किडा निघतो. त्याचे पाय मोजायला लावावे. आठ भरतात, म्हणजे तो कीटकच नाही, कोळ्याच्या कुळातला आहे. श्रावणात विहिरीवरच्या बाभळीला सुगरण घरटी टांगते. खरं तर सुगरण नव्हे, तिचा नर. अर्धं विणून तो मादीची वाट पाहतो, तिला पसंत पडलं तरच पुढचं काम. दिवाळीला घरटी रिकामी झालेली असतात, तरी तोडू नयेत, त्यांत मुनिया येऊन राहतात. थंडीत उंबरावर हरियालांचा थवा उतरतो. आपला राज्यपक्षी पानांच्या रंगात इतका मिसळतो की आधी फक्त पडणारी फळं दिसतात. फाल्गुनात पळस पेटतो. उन्हाळ्यात टिटवी उघड्या गोट्यांत गोट्यांसारखीच चार अंडी घालते, आणि मुलं पाऊल टाकताना आपोआप जपून टाकू लागतात. बारा महिन्यांनी त्याच उंबरापाशी आलेलं मूल नव्याने आलेल्या मुलाला फळ चिरून दाखवतं. तिथवर फेरी नेणाऱ्याने पोहोचायला हवं.

दरवर्षी ५ नोव्हेंबर, चितमपल्लींचा जन्मदिवस, ते १२ नोव्हेंबर, सलीम अलींचा जन्मदिवस, हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तो दिवाळीच्या आगेमागेच येतो. वाचकांनी त्या आठवड्यातली एक सकाळ मोकळी ठेवावी. आपल्या आळीतली, सोसायटीतली, नात्यातली पाच-सात मुलं गोळा करावीत. दुर्बीण नसली तरी चालेल, एक साधं भिंग आणि पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात. घरापासून चालत जाता येईल असं एखादं उंबराचं झाड आधीच हेरून ठेवावं, तिथे तासभर बसावं, आणि निघताना मुलांना पुढच्या महिन्याची तारीख सांगून निघावं.